जग बुडायच्या दिवशीचं दूध

आमच्या घरी दोन गाई होत्या आणि आम्ही कोरा चहा पीत होतो. ह्यात कुणाला काही वावगं वाटत नसे, कारण ज्याच्या दावणीला गाय त्याच्या घरात हेच. दूध काढायचं ते डेअरीला घालायला. पहाटे माय धार काढायला बसली की रिकाम्या बादलीत पहिल्यांदा पत्र्यावर वाळू टाकल्यासारखा आवाज यायचा, मग बादली भरत जाईल तसा तो जाडसर होत जायचा, आणि मी गोधडीतूनच ओळखायची की आज तांबडीनं किती दिलं. चुलीवर तोवर गुळाचा चहा उकळलेला असे. आम्ही त्यात कालची भाकरी बुडवून खायचो. धाकटा पिंट्या तेव्हा चार वर्षांचा, हातापायांच्या काड्या आणि पोट तेवढं पुढं. त्याला माय चहातच शेंगदाण्याचं कूट घालून द्यायची आणि म्हणायची, "पी माज्या राजा, बासुंदी हाय." तो बिचारा ती बासुंदीच समजायचा.

आमचं गाव सिरसाळ्याहून आत, डांबरी फाट्यापासून दीड कोस. गावच्या सहकारी दूध सोसायटीचे अण्णा, म्हणजे माझे वडील, सचिव होते. नाव मोठं, खोली लहान. त्या खोलीत, म्हणजे आमच्या डेअरीत, एक टेबल, दुधाची डिग्री, म्हणजे पाणी घातलंय का ते, पाहायची काचेची नळी, मापं, दोन कॅन, आणि चांगल्या सालात सोसायटीनं घेतलेला एक टीव्ही. अण्णांच्या आधीच्या सचिवावर दुधात पाणी घातल्याचा आळ आला होता. खरं-खोटं देव जाणे, पण त्याचा धसका अण्णांनी घेतला होता. म्हणून त्यांनी एक रीत पाडली: रोज सकाळी सगळ्यात आधी सचिवाच्या घरचं दूध चारचौघांदेखत मापात पडणार, आणि घरी थेंब ठेवायचा नाही. गावात ह्या रीतीचं कौतुक होतं. मायला काय वाटायचं ते तिला कधी कुणी विचारलं नाही, आणि न विचारता बोलायची तिची सवय नव्हती.

त्या वर्षी मिरगानं पाठ फिरवली. पेरलं ते करपलं, दुबार पेरलं तेही टीचभर येऊन थांबलं. श्रावण कोरडा गेला. विहिरीत बादली सोडली की ती तळाच्या दगडावर आपटून वर यायची. कडब्याची गंजी दिवसागणिक खाली बसत होती, आणि त्याच मापानं गाईंचं दूध. पूर्वी आमच्या गावचे चार कॅन जायचे, आता दोन भरताना मारामार. दूध संघाची गाडी सकाळी एकदाच यायची, आणि संघाचे सुपरवायझर अण्णांना तोंडावर सांगून गेले होते, "सचिव, दोन कॅन गळ्यापर्यंत भरले तर गाडी आत यील. न्हाई तर फाट्यावरनंच सिरसाळ्याला जाईल. डिझेल काय हवेवर मिळतंय का?"

गाडी बंद म्हणजे काय, हे आमच्या घरात कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. दूध विकायला जागा नाही, मग गाई बाजारात, मग दसरा झाला की ट्रकवर बिऱ्हाड लादून कारखान्याला ऊस तोडायला. आमच्याकडं नवराबायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. माय आणि अण्णा लग्नानंतर पाच-सहा हंगाम कोयता होऊन गेले होते. डेअरी झाली तेव्हा ते सुटलं. मी तेव्हा नववीत. दसऱ्यानंतर आमच्या वर्गातले निम्मे बाक रिकामे व्हायचे आणि होळीनंतर त्यातली मुलं परत यायची, ती वर्गात नाही, गावात. गाडी बंद झाली की पुढचा रिकामा बाक माझा. त्यामुळं दूध मापताना मी कॅनमध्ये वाकून पाहायची. अण्णा ओरडायचे, "सुमे, केस पडतील." पण मला केसांची नाही, कॅनच्या गळ्याची काळजी असायची.

अशात टीव्हीवर ती बातमी सुरू झाली. महालक्ष्म्यांच्या आधीपासूनच. परदेशात कुठं तरी जमिनीखाली एक प्रचंड यंत्र बांधलंय, त्यात कणांची टक्कर घडवणार आहेत, त्यातून काळं विवर तयार होईल आणि ते पृथ्वी गिळून टाकील. लाल अक्षरं, नगाऱ्यासारखा आवाज, आणि दर थोड्या वेळानं पृथ्वीचा गोळा तडकून आत खेचला जातानाचं चित्र. मध्येच एक ज्योतिषी यायचे. मग मंजनाची जाहिरात. मग परत पृथ्वी तडकायची. बुधवारी दुपारी यंत्र सुरू होणार, असं पक्कं सांगितलं होतं.

आमच्या विज्ञानाच्या सरांनी फळ्यावर गोल काढून समजावलं की घाबरायचं काही कारण नाही. अणूपेक्षा बारीक कण बोगद्यातून फिरवतात, जग मुळात कसं झालं ते त्यातून कळावं म्हणून. शिवाय बुधवारी नुसते कण फिरवून पाहणार आहेत, टक्कर पुढं कधी तरी. मला ते फार आवडलं. भीती होतीच, पण तिच्यासोबत एक गुदगुलीही होती. जग कसं झालं हे कुणाला तरी कळणार आणि तेव्हा आपण नववीत असणार! मी तशीच धावत डेअरीत जाऊन सगळ्यांना सांगितलं. बोगदा केवढा, तर परळीपासून सिरसाळ्यापर्यंत लांब, पण वाकवून गोल केलेला, आणि खोल तर आपल्या विहिरीपेक्षा कितीतरी.

दगडूआबा उंबऱ्याशी तंबाखू मळत बसले होते. गावातल्या निम्म्या विहिरी त्यांनी खांदल्या होत्या. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "एवढं खोल गेले. पाणी लागलं का?"

मी म्हटलं, "आबा, पाण्यासाठी न्हाई खांदलं ते."

"मंग कावून खांदलं?"

"कण शोधायला. लई बारीक. डोळ्याला दिसत न्हाई असा."

आबांनी तंबाखूची चिमूट तोंडात टाकली. "डोळ्याला न दिसणारं हुडकणारे लोक हायेत म्हन की. एक दिस हिकडं पाठीव म्हनावं त्यास्नी. आमचं बी पाणी डोळ्याला दिसंना झालंय."

सगळे हसले, पण ते हसू पुरतं झालं नाही. कारण लगेच कुणीतरी म्हणालं, की जमिनीखाली एवढं पोखरलं तर पाणी खालच्या खाली तिकडंच उतरलं नसेल कशावरून? औंदा पाऊस गेला, विहिरी गेल्या, हे उगीच का? हे ऐकून एकानं उठून टीव्हीचा आवाज वाढवला. दुष्काळात माणसाला कारण हवं असतं. वरुणराजा रुसला म्हणण्यापेक्षा यंत्रानं पाणी ओढलं म्हणणं बरं वाटतं, निदान यंत्र बंद तरी करता येतं. आता मी बातम्या पाहते तेव्हा लोक काय काय मानतात म्हणून हसणाऱ्यांचा मला राग येतो. ज्याच्या बादलीला रोज तळाचा दगड लागतो त्याला जग संपतंय हे पटवायला टीव्ही लागत नाही.

महालक्ष्म्या आल्या आणि गेल्या. आंबील ताकाऐवजी पाण्यातच झाली. मंगळवारी संध्याकाळी शेजारच्या शेषाकाकू विस्तव मागायला म्हणून आल्या आणि चुलीपुढं बसूनच राहिल्या. काडीची पेटी त्यांच्या घरी होती, मला माहीत होतं. भाकरी थापता थापता माय आणि त्या हळू आवाजात बोलत होत्या.

"आपल्या आळीत ठरलंय बाई," काकू म्हणाल्या. "उद्या कुणी दूध घालायचं न्हाई. बुडायचंच हाय तर लेकरं दूध पिऊन बुडू द्या. जन्माला येऊन साय कशी लागती ते बी ठावं न्हाई माज्या लेकीला."

मायनं तव्यावरची भाकरी नेहमीपेक्षा जरा उशिरा उलटली.

हे अण्णांच्या कानावर गेलं तेव्हा दिवेलागण होत होती. त्यांनी डोक्याला पटका गुंडाळला, मला म्हणाले, "चल गं," आणि आम्ही घरोघर निघालो. मला सोबत का घेतलं ते तेव्हा कळलं नाही. पोरगी सोबत असली की माणसं जरा मऊ बोलतात, एवढाच हिशेब असावा. अण्णांचा मुद्दा चोख होता. प्रत्येक दारात ते तोच मांडत होते: "ह्ये बगा, जग बुडालं तर दूध घातलं काय अन् न घातलं काय, कुणाचा तोटा न्हाई. पण न्हाई बुडलं तर परवा गाडी येनार न्हाई. मंग काय करताव?"

माणसं मान डोलवायची, चहा घ्या म्हणायची, आणि दूध घालतो असं मात्र म्हणायची नाहीत. आत कुठं तरी बाईमाणसाच्या बांगड्या वाजायच्या आणि घरधनी पावसाचं बोलणं काढायचा. शेवटी शेषाकाकूंच्या दारात अण्णांचा तोल सुटला. "अडाण्यावानी करताव राव तुमी! टीव्ही आपणच आणला अन् आपल्यालाच बुडवाया निघाला."

काकू दारामागूनच म्हणाल्या, "सचिव, राग मानू नगा. येक इचारते. तुमच्या पिंट्यानं कदी दूध पिलंय का?"

अण्णा तिथंच उभे राहिले. मग पटका सारखा करून वळले. घरापर्यंत त्यांच्या मागून चालताना मी मनात एकच म्हणत होते: उद्या कॅन भरू दे, देवा, जगाचं तू बघ.

बुधवारी सकाळी बादलीत धारेचा आवाज रोजच्यासारखाच आला. मी उठून पाहते तर माय बादली घेऊन डेअरीकडं निघायच्या ऐवजी चुलीपाशी बसलेली. मोठ्या पातेल्यात दूध तापत होतं. आमच्या घरात तो वास मला अनोळखी होता. गोडसर, जड, सगळ्या घरभर पसरलेला. पिंट्या गोधडीतून उठून डोळे चोळत थेट चुलीपुढं येऊन बसला.

अण्णा आंघोळ करून आले आणि पातेलं पाहून जागच्या जागी थिजले.

"ह्ये काय? सचिवाच्याच घरचं दूध न्हाई आलं तर मी कोन्त्या तोंडानं खुर्चीत बसू?"

"बसा की," माय म्हणाली. "आज कोन येनार हाय बगायला?"

"तुला बी वाटतंय व्हय जग बुडतंय म्हनून?"

मायनं पदरानं पातेलं उतरवलं. मी तिला इतकं सलग बोलताना त्याआधी ऐकलं नव्हतं. "आवं, बुडतंय का न्हाई ते मला कळत न्हाई. बुडायचं न्हाई असंच वाटतंय. म्हनून तर आज पाजायचं. उद्या जग जिथल्या तिथं असलं की ह्येच दूध परत तुमच्या मापात जानार. मंग मी कोन्च्या निमतानं ठिवू?"

अण्णा रिकाम्या हातानं डेअरीकडं गेले. मायनं पितळी पेला भरला आणि पिंट्याच्या हातात दिला. तो प्यायला, थांबला, पेल्यात पाहिलं, परत प्यायला. वरच्या ओठावर पांढरी मिशी. मलाही दिलं. मी प्यायले, पण खरं सांगते, ते मला गोड लागलं नाही. प्रत्येक घोटाला मला कॅनचा तळ दिसत होता आणि दसऱ्यानंतरचा माझा बाक.

मी डेअरीत पोचले तेव्हा अण्णा टेबलामागं बसले होते. काचेची नळी पुसून ठेवलेली, मापं मांडलेली, कॅनची झाकणं उघडी. रांग नव्हती. एक कुत्रं येऊन कॅन हुंगून गेलं. मग फाट्याकडून गाडीचा हॉर्न वाजला. ड्रायव्हर हनीफभाई उतरले, दोन्ही कॅनमध्ये डोकावले आणि हसायच्या बेतात असतानाच अण्णांचा चेहरा पाहून थांबले.

"सचिवसाब, दिल छोटा नका करू. पूरी लाईन खाली हाय. सिरसाळ्यापस्तोर एक कॅन न्हाई भरला."

"तुमी भ्याला न्हाई व्हय, हनीफभाई?"

"भ्यालो की. बायको म्हनली, आज घरीच ऱ्हावा. पन घरी बसून भ्यायलो तर खाडा लागतोय. म्हनलं, गाडी चालवत चालवत भ्यावं." ते रिकामी गाडी वळवून गेले. जाताना म्हणाले, की सुपरवायझरसाहेब उद्या स्वतः गाडीवर येणार आहेत, कोणत्या गावची फेरी ठेवायची ते पाहायला.

दुपारी सगळं गाव डेअरीपुढं जमलं. गडीमाणसं टीव्हीसमोर, बायका पारावर, लेकरं पोट भरल्यामुळं नेहमीपेक्षा जास्त दंगा करत होती. लाल अक्षरं पळत होती. निवेदक आता काही क्षण, आता काही क्षण असं करत होता. आणि पडदा फटकन काळा झाला. पंखा थांबला. कुणाच्या तरी तोंडून "गेलं!" एवढंच निघालं. एका बाईनं लेकरू छातीशी घट्ट धरलं. सरांच्या फळ्यावरचा गोल माझ्या डोळ्यांपुढं होता आणि त्याचा काही उपयोग होत नव्हता. मग दाराबाहेरून दगडूआबांचा आवाज आला, "लाईट गेलीय बे. बुधवारचं टायमिंग हाय ते, इसरला का समदे?"

लाईट संध्याकाळी आली तेव्हा टीव्हीवर क्रिकेट चालू होतं. यंत्र सुरू झालं होतं म्हणे, आणि तिकडं माणसं टाळ्या वाजवत होती. आमच्या गावात कुणी टाळी वाजवली नाही. माणसं एकमेकांची नजर चुकवत घरी गेली. जग वाचलं ह्याचा आनंद झाला असेल, पण त्याच्या मागोमाग गाडीची काळजी येऊन बसली, आणि ती जुनी, ओळखीची, रोजची काळजी होती.

पुढं काय झालं ते आत्ताच सांगून टाकते, नाही तर वाचणारा उगीच झुरत बसेल. आमची गाडी होळीपर्यंत आली आणि मग बंद झाली. गाई विकल्या. पुढच्या दसऱ्याला माय आणि अण्णा पिंट्याला घेऊन कारखान्याला गेले, आणि मला केजला मावशीकडं ठेवलं म्हणून माझी शाळा तेवढी वाचली. गाडी दुष्काळानं बंद पडली असं मी म्हणते. गावात अजून काही माणसं आहेत, जी दुसरं कारण सांगतात. ते दुसरं कारण गुरुवारी सकाळी घडलं.

गुरुवारी उजाडायच्या आत डेअरीपुढं रांग लागली होती. इतकी लांब रांग मी चांगल्या सालातही पाहिली नव्हती. बादल्या, किटल्या, चरव्या. कुणी आदल्या रात्रीचं दूधही घरी ठेवलं नव्हतं. अण्णा मापत होते, मी झाकणं धरत होते. पहिला कॅन भरला. दुसरा अर्धा झाला, पाऊण झाला. रीतीप्रमाणं आमचं दूध सगळ्यात आधी पडायला हवं होतं, पण माय आलीच नव्हती. अण्णा मधून मधून वळणाकडं पाहत होते. रांग संपली तेव्हा दुसरा कॅन गळ्याच्या खाली थोडासा उणा होता. आमच्या बादलीएवढाच उणा.

तेव्हा माय आली. तिच्या डोक्यावर बादली आणि मागून पिंट्या, दोन्ही हातांत कालचा पितळी पेला धरलेला. फाट्याकडून गाडीचा हॉर्न वाजला. मायनं बादली टेबलावर ठेवली. सगळी रांग अजून तिथंच उभी होती, आपला कॅन भरतो का ते पाहायला.

पिंट्यानं पेला वर केला आणि विचारलं, "अण्णा, जग परत कवा बुडनार हाय?"

कुणी हसलं नाही. शेषाकाकूंनी पदर तोंडाला लावला. अण्णांच्या हातात माप होतं. त्यांनी कॅनकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. माझ्याकडं का, ते मला त्याच क्षणी कळलं: कॅन उणा राहिला तर माझा बाक जाणार होता. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, कॅनमध्ये टाका अण्णा, कॅनमध्ये. मी ओरडले नाही. अण्णांनी माप बादलीत बुडवलं आणि चारचौघांदेखत, डिग्री न पाहता, पिंट्याचा पेला काठोकाठ भरला. उरलेलं कॅनमध्ये ओतलं.

सुपरवायझर गाडीतून उतरले. पहिला कॅन पाहिला, ठीक. दुसऱ्यात बोट घालून पाहिलं. "सचिव, कमी हाय."

"हाय," अण्णा म्हणाले.

"कुटं गेलं?"

"काल जग बुडालं न्हवं का, साहेब. त्यात तेवढं गेलं."

हनीफभाई तोंड फिरवून टायर तपासायला लागले. सुपरवायझरांनी पिंट्याच्या पांढऱ्या मिशीकडं पाहिलं, मग झाकण लावलं आणि कॅन गाडीत चढवायला सांगितलं. उद्या गाडी येईल की नाही, ते सांगून गेले नाहीत.

शुक्रवारी रांगेत प्रत्येक बादलीमागं एक लेकरू उभं होतं, आणि प्रत्येक लेकराच्या हातात काही ना काही भांडं होतं. अण्णांनी ती सगळी भरली. त्यानंतर आमच्या गावचा दुसरा कॅन गळ्यापर्यंत कधीच भरला नाही.